‘होल्ड ऑन’चे बारा प्रतिशब्द आणि चार कटलेले फोन

माझे संपूर्ण नाव दौलत उरकुडा मेश्राम. वय ब्याण्णव वर्षे पूर्ण. राहणार इंदोरा, नागपूर. नाव आरंभीच आणि पुरते सांगून टाकतो, कारण पुढचे ऐकल्यावर "हा महामूर्ख कोण?" असे आपण विचारणारच, तेव्हा दुसऱ्या कोणा सज्जनावर नाहक संशय जायला नको. चहा घ्या. मात्र बेताने घोट घ्या. ठसका लागल्यास जबाबदारी माझी नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. मी तेव्हा महाल भागातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे माझे काम. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते या खिळ्यांनी शिकवले. खिळ्यावर अक्षर उलटे असते, हे आपणास ठाऊक असेलच. म्हणजे इंग्रजी मी आधी उलटे वाचायला शिकलो आणि सुलटे नंतर. असा दुसरा इंग्रजीचा विद्यार्थी आपण पाहिला आहे काय?

पुढे सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक जाडजूड शब्दकोश आणला. त्याची पहिली चौदा पाने गहाळ होती. त्यामुळे ‘ए’ने सुरू होणाऱ्या पुष्कळ शब्दांशी माझा परिचय आजही बेताचाच आहे. परंतु ‘बी’पासून ‘झेड’पर्यंत मी तो ग्रंथ तीन वेळा वाचला. समजून वाचला. वस्तीतले लोक मला ‘मास्तर’ म्हणत. कोणाला इंग्रजीत अर्ज लिहून हवा असला की माझ्याकडे येत, आणि मी असा अर्ज लिहीत असे की तो वाचून साहेबालाही शब्दकोश उघडावा लागे. ते मी माझे यश समजत असे!

माझा एकच शत्रू होता. इंग्रजी क्रियापदाचे शेपूट.

‘होल्ड’ हे चांगले, खानदानी क्रियापद. पण बाजारातले लोक त्याला ‘ऑन’ जोडतात, ‘अप’ जोडतात, ‘आउट’ जोडतात आणि ‘ओव्हर’सुद्धा जोडतात. एका गाडीला चार दिशांनी चार बैल जुंपल्यासारखा हा प्रकार! ज्यांच्याजवळ शब्दांचा साठा नाही, त्यांचा हा जुगाड आहे, असे माझे ठाम मत होते.

आणि नेमके हेच शेपूट माझ्या घरात शिरले.

माझी मुलगी सुनंदा मॅट्रिक झाली होती. सदर भागातल्या एका खाजगी कंपनीच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली आणि तिला बोलावणे आले. आमच्या खानदानात खुर्चीवर बसून काम करणारे तोपर्यंत कोणी झाले नव्हते. इकडे तिच्या आईने भंडाऱ्याचे एक स्थळ जवळजवळ पक्के करत आणले होते. सुनंदाने हट्ट धरला, "मला एक संधी द्या." शेवटी मायलेकींत असा करार झाला: नोकरी लागली तर दोन वर्षे लग्नाचे नाव काढायचे नाही, नाही लागली तर याच वैशाखात बोहल्यावर.

कंपनीच्या मॅनेजरने तीन मुली निवडल्या होत्या. प्रत्येकीला एकेक दिवस टेलिफोनच्या बोर्डावर बसवायचे आणि मग एकीला ठेवून घ्यायचे. त्याची अट एकच होती. दिवसभरात एकही फोन कटता कामा नये. तिथल्या जुन्या ऑपरेटर मार्था बाई निवृत्त होणार होत्या. त्यांनी तिन्ही मुलींना दोन दिवस काम शिकवले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सुनंदा कानाला वाटी लावून सराव करीत होती. "गुड मॉर्निंग, सर. होल्ड ऑन, प्लीज. गुड मॉर्निंग, सर. होल्ड ऑन, प्लीज."

मी जेवता जेवता थांबलो. "सुनंदा, हे कोणाचे इंग्रजी?"

"मार्था बाईंचं, बाबा. तिथं सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणून ते शुद्ध होते काय? ‘थांबा’ या एका अर्थासाठी इंग्रजीत बारा भारदस्त शब्द आहेत. लिहून घे. वेट. स्टे. स्टॉप. हॉल्ट. रिमेन. पॉज. बाइड. डिले. टॅरी. लिंगर. परसिस्ट. एन्ड्युअर."

"एन्ड्युअर म्हणजे?"

"सहन करणे. सोसणे."

"म्हणजे गिऱ्हाइकाला सांगू, प्लीज एन्ड्युअर, सर? सोसा थोडं?"

चुलीजवळून तिची आई म्हणाली, "बराबर तं हाय वं. मी बावीस वर्षं तेच करून राहिली."

मी तिकडे दुर्लक्ष केले आणि सुनंदाला एक वाक्य तयार करून दिले: ‘काइंडली टॅरी अ मोमेंट, सर, व्हाइल आय एन्डेव्हर टू कनेक्ट यू.’ काय तोल होता त्या वाक्याला! सुनंदाने ते दोनदा म्हणून पाहिले.

"बाबा, एवढं बोलेपर्यंत बोर्डावर आणखी चार दिवे लागतील."

"लागू दे. इंग्रजी वाया जात नाही."

"आवो, पोरीले जेवू द्या आधी," तिची आई म्हणाली. "तुमचं ते टारी-बिरी उद्या सकाळी पहा."

पण मला रात्रभर चैन पडेना. मुलगी तिथे जाऊन ‘होल्ड ऑन’च म्हणणार, हे मला दिसत होते. मग मॅनेजरला वाटणार की हिच्या घरी काही वाचन नाही. बापाने काहीतरी करायला हवे की नको? सकाळ होईपर्यंत माझ्या डोक्यात एक बेत तयार झाला. आता तो सांगायलाही लाज वाटते, पण सांगतो. मी छापखान्यातून त्या कंपनीला फोन करणार होतो. एक अनोळखी, प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून! मॅनेजरशी बोलणार होतो आणि बोलता बोलता सहज म्हणणार होतो, "तुमच्या नव्या ऑपरेटरचे इंग्रजी फारच सुसंस्कृत आहे हो!"

यात एकच अडचण होती. मी उभ्या आयुष्यात टेलिफोन वापरला नव्हता.

पण ही अडचण मला अडचण वाटली नाही. छापखान्याच्या मालकांच्या केबिनला काच होती आणि मी एकोणीस वर्षे त्या काचेतून मालकांना फोन करताना पाहत होतो. मालक बोलत ते बहुधा मुंबईच्या कागदवाल्याशी. तेव्हा परगावी थेट फोन लागत नसे. ट्रंक कॉल लावावा लागे. मालक फोन उचलत, मुंबईचा नंबर सांगत, पलीकडची बाई काहीतरी सांगे, मालक "बरं, थांबतो" म्हणत आणि फोन जागेवर ठेवून देत. मग अर्ध्यापाऊण तासाने घंटा घणघणे आणि मुंबई बोलू लागे. हे मी एकदा नव्हे, शंभरदा पाहिले होते. तेव्हा टेलिफोनवर थांबायचे कसे, हे मला कोणी शिकवायचे?

त्या दिवशी मालक कामानिमित्त वर्ध्याला गेले होते. छापखान्यात मी आणि मशीनमन झिबल, असे दोघेच होतो. झिबल माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अंगठेबहाद्दर, पण यंत्राच्या बाबतीत त्याचे कान फार तयार. मी कोटाची बटणे लावली, केबिनमध्ये गेलो आणि सुनंदाच्या बोलावण्याच्या पत्रावरचे आकडे फिरवले.

पलीकडून आवाज आला. "गुड मॉर्निंग, सर."

माझ्या सुनंदाचा आवाज! छाती भरून आली. पण मी अनोळखी गृहस्थ होतो. घसा खाकरून, जाड आवाज काढून म्हणालो, "गुड मॉर्निंग. आय डिझायर टू कन्व्हर्स विथ द मॅनेजर."

मग ती म्हणाली, "होल्ड ऑन, प्लीज."

पाहिलेत? बारा प्रतिशब्द दिले होते मी! पण राग गिळला. थांबा म्हणाली ना, मग थांबू. मी फोन अलगद, आवाज न करता, जागेवर ठेवला आणि टेबलासमोर हाताची घडी घालून उभा राहिलो.

पाच मिनिटे गेली. दहा गेली. झिबल मशीन थांबवून दारात आला.

"काहून गा मास्तर, लागला नाही काय फोन?"

"लागला. मी थांबलो आहे."

"आन् फोन खाली ठेवून देल्ला?"

"मग काय डोक्यावर धरू?"

"कानाले लावून ठेवा लागते नं गा तो!"

"झिबल," मी म्हणालो, "दुसऱ्याच्या कचेरीतले बोलणे कान लावून ऐकणे हा असभ्यपणा आहे. साहेब मोकळे झाले की घंटा वाजेल. तू तुझे यंत्र सांभाळ."

आणि बरोबर त्याच वेळी घंटा वाजली! मी झिबलकडे विजयाने पाहिले आणि फोन उचलला. "येस! आय अ‍ॅम स्टिल वेटिंग, सर!"

"वो पत्रिका हो गई क्या?" पलीकडून इतवारीतला एक व्यापारी विचारत होता. "लडकी का ब्याह सर पे आ गया, भैया!"

मी त्याला कसेबसे वाटेला लावले आणि पुन्हा आकडे फिरवले. या वेळी सुनंदाचा आवाज किंचित कापत होता. "सॉरी, सर, लाइन कटली होती. होल्ड ऑन, प्लीज. प्लीज, सर."

"आय शॅल टॅरी," मी उदारपणे म्हणालो. निदान बापाकडून तरी तिने योग्य शब्द ऐकावा! आणि फोन जागेवर ठेवला.

पुन्हा पंधरा मिनिटे. घंटा नाही. तिसऱ्या वेळी मला खरोखर राग आला. मी म्हणालो, "मॅडम, आय हॅव लिंगर्ड अँड परसिस्टेड फॉर हाफ अ‍ॅन अवर!" पलीकडे कुजबुज झाली आणि मार्था बाईंचा असावा असा एक वयस्कर आवाज आला, "होल्ड ऑन, सर, वन सेकंड ओन्ली." मी म्हणालो, "दिस इज द थर्ड टाइम," आणि ठेवला.

चौथ्या वेळी काय झाले, हे वेगळे सांगायला हवे काय?

आता माझी खात्री पटली की त्या कचेरीत काहीतरी गोंधळ आहे. मॅनेजर फोनवर येत नाही आणि पोरीची परीक्षा तर चालू आहे. मग उपाय एकच. समक्ष जायचे. मी झिबलला म्हणालो, "मी सदरला जाऊन येतो."

"जा, पन थ्या फोनले हात नका लावू गा आता," झिबल म्हणाला. "त्यानं काय पाप केलं?"

सायकल हाणत सदर गाठले. कचेरीत शिरलो तो समोरच बोर्ड. त्याच्यापुढे सुनंदा मान खाली घालून बसलेली, डोळे लाल. शेजारी मार्था बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. आणि मॅनेजर असा काही तापला होता की माझ्याकडे कोणी पाहिलेच नाही.

"चार वेळा!" मॅनेजर म्हणत होता. "एकाच माणसाचा फोन चार वेळा कटतो! तोही असा तसा माणूस नाही. मार्था बाई, तुम्हीच म्हणालात ना काय इंग्रजी बोलत होता ते?"

"हां साब. बहुत बडा आदमी होगा. ऐसा इंग्लिश तो हमारे टाइम में कलेक्टर भी नहीं बोलता था."

"ऐकलंत? दिल्लीचा कोणी असेल, मुंबईच्या हेड ऑफिसचा असेल! मी सकाळपासून जेवणसुद्धा सोडून त्याच्या फोनची वाट बघत बसलोय. आणि ही मुलगी त्याला ताटकळत ठेवून फोन कापते!"

"साब, मैंने अपनी आँख से देखा. लडकी ने वायर बराबर लगाया. उधर से ही कटता था."

"उधर से कशाला कटेल? ज्याला बोलायचंय तो स्वतःच चार वेळा फोन ठेवून देईल का? असा कोण वेडा असेल?"

मंडळी, माझ्या इंग्रजीची एवढी स्तुती त्याआधी कधी झाली नव्हती, आणि माझ्या अकलेची एवढी अचूक पारख त्यानंतर कधी झाली नाही. पण त्या क्षणी मला यातले काहीच समजले नाही. मला फक्त एवढेच दिसले की त्या सभ्य गृहस्थावर खोटा आरोप होत आहे. मी पुढे झालो.

"क्षमा करा, साहेब. त्या गृहस्थांनी फोन कापला नाही. प्रत्येक वेळी त्यांनी तो अतिशय काळजीपूर्वक जागेवर ठेवला आणि शांतपणे आपली वाट पाहिली."

सगळे वळले. सुनंदाने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही कोण?" मॅनेजरने विचारले. "आणि जागेवर म्हणजे कुठे ठेवला?"

"जिथून उचलला तिथे. दुसरी जागा कोणती असणार?"

मॅनेजरने टेबलावरचा फोन माझ्यापुढे सरकवला. "उचला. आता समजा, मी पलीकडून बोलतोय. होल्ड ऑन, प्लीज. काय कराल?"

मी तो अलगद जागेवर ठेवला आणि हाताची घडी घातली.

कचेरीत आधी एक कारकून हसला. मग दुसरा. मग टाइपरायटर थांबले. मार्था बाईंनी तोंडाला पदर लावला, तरी त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मॅनेजरने अतिशय हळू आवाजात मला सांगितले की, गावातल्या गावात ठेवलेला फोन हा मेलेला फोन असतो. आणि माझ्या डोळ्यांसमोरून ती एकोणीस वर्षांची काच, एकेक ट्रंक कॉल करत, पुन्हा गेली.

पळून जाणे शक्य होते. मी अजूनही अनोळखी गृहस्थच होतो. पण सुनंदाचा वैशाख माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी टोपी काढली आणि, आयुष्यात प्रथमच, एकही भारदस्त शब्द न वापरता बोललो.

"साहेब, तो वेडा मीच. मी या मुलीचा बाप. तिची तुमच्याजवळ स्तुती करायची म्हणून ओळख लपवून फोन केला. मला टेलिफोन वापरता येत नाही. पोरीची काही चूक नाही. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

मॅनेजर सुनंदाकडे वळला. "तुला हे माहीत होतं?"

ती खाली पाहत म्हणाली, "पहिल्याच फोनला आवाज ओळखला होता, साहेब. ‘आय डिझायर टू कन्व्हर्स’ असं नागपुरात दुसरं कोणी म्हणत नाही."

"मग तासभर माझ्या शिव्या का खाल्ल्या? एका शब्दात सुटली असतीस."

"बाबांना फोन धरता येत नाही, हे चारचौघांत कसं सांगू? वस्तीत त्यांना मास्तर म्हणतात, साहेब."

आता हसणे थांबले. ज्या मुलीची विद्या जगाला दाखवायला मी निघालो होतो, तिने माझे अज्ञान झाकण्यासाठी आपली नोकरी पणाला लावली होती.

मॅनेजर मार्था बाईंना म्हणाला, "इथे रोज लोकांच्या पन्नास भानगडी या बोर्डावरून जातात. पोटात ठेवणारी ऑपरेटर मला अजून मिळाली नव्हती. उद्या तिसऱ्या मुलीची पाळी होऊ द्या, तिच्यावर अन्याय नको. पण तिने काही चमत्कार केला नाही, तर सोमवारपासून हिला बसवा." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुम्ही मात्र आम्हाला पत्रच लिहीत जा."

तिसऱ्या मुलीने चमत्कार केला नाही. सोमवारी सुनंदा त्या खुर्चीवर बसली.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी घरी येताना ती माझ्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसली होती. वाटेत ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? त्या ‘टॅरी’चा अर्थ मार्था बाईंनापण माहीत नव्हता."

"तुला माहीत होता ना?"

"हो. पण मी तुमची मुलगी ना."

मी पायडल मारत राहिलो. वारा डोळ्यांत जात होता, असे आपण समजू.

नोकरी पक्की झाल्यावर तिच्या आईला सगळे सांगितले तेव्हा ती हातातली भाकर तव्यावर तशीच ठेवून मटकन खाली बसली आणि पोट धरून हसली. भाकर करपली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "भंडाऱ्याच्या पाव्हन्यायले कळवा, दोन वर्षं थांबा म्हना. आन् साध्या मराठीतच लिहा, नाहीतर वरात घेऊन येतीन ते!"

सुनंदाने त्या कचेरीत सहा वर्षे नोकरी केली आणि लग्न स्वतःच्या पसंतीने, भंडाऱ्याबाहेर केले. मी त्या दिवसानंतर कोणाचेही इंग्रजी दुरुस्त केले नाही, आणि लोकांचे अर्ज सोप्या भाषेत लिहू लागलो. ते पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त मंजूर होऊ लागले.